लाल बटण

रबाळ्याच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात मी जुने लॅपटॉप दुरुस्त करते. कंपन्या लॉटने माल पाठवतात. आतलं सगळं पुसायचं, मशीन साफ करायचं, पुढे द्यायचं. त्या मंगळवारी जासईकडच्या एका कंटेनर यार्डातून तीस नग आले. सगळं आपल्या डोळ्यांसमोर पुसलं जावं म्हणून यार्डाचे मॅनेजर, दिलीप साहेब, स्वतः खुर्ची ओढून बसले होते.

तेविसावा लॅपटॉप मी उलटा केला. मागच्या स्टिकरवर नाव होतं, अंकुश घरत.

माझा सख्खा भाऊ. त्याच यार्डात सुपरवायझर होता. आठ महिन्यांपूर्वी तिथेच क्रेनवरून सुटलेल्या कंटेनरखाली सापडला. मग घरी पत्र आलं: अपघात मयताच्या निष्काळजीपणामुळे. खाली सही दिलीप साहेबांची. घरी यायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, त्यामुळे मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मला रडू आलं नाही. दात इतके आवळले गेले की कानशिलं ठणकली.

"काय झालं मॅडम? थांबलात का?"

"चालू होतोय, साहेब."

या मॉडेलच्या कीबोर्डमध्ये मधोमध एक लाल रबरी बटण असतं. ते जागचं हलत नाही. बोटाने ज्या बाजूला रेटाल त्या बाजूला पडद्यावरचा बाण सरकतो. दाबलं की क्लिक. दादाच्या बोटाने ते पार गुळगुळीत झालं होतं.

पडद्यावर प्रश्न आला. सगळं पुसायचं? हो. नाही.

मी अजून बोट ठेवलं नव्हतं. बाण आपोआप सरकला आणि 'नाही'वर थांबला.

जुन्या बटणांचं असं होतं, सेन्सर बिघडतो. मी रबर काढून, पुसून परत बसवलं. बाण 'नाही'वर. कीबोर्ड उचलून बटणाची पट्टीवायरच सोडवली. आता बाण हलायला नको होता.

हलला. 'नाही'वर गेला.

"सरका. एवढंसं काम जमत नाही!" दिलीप साहेबांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि बटणावर बोट टेकवलं. त्यांनी 'हो'कडे, डावीकडे रेटलं, बाण आणखी उजवीकडे गेला. त्यांनी आणखी जोर लावला. नख पांढरं पडलं.

"हे... उलटं रेटतंय."

"काय?"

"बटण. पलीकडून कुणीतरी बोट लावल्यासारखं."

सोडवलेली वायर त्यांच्या मनगटाशी लोंबत होती. मी बघत राहिले.

क्लिक झालं. प्रश्न नाहीसा झाला, एक फोल्डर उघडला. मग एक फोटो. दादाच्या हातचा अर्ज: 'क्रेनचं लॉक धरत नाही. माणूस मरेल. दुरुस्ती होईपर्यंत काम बंद ठेवावं.' तारीख अपघाताच्या तीन दिवस आधीची. खाली निळ्या पेनाने शेरा: 'काम बंद होणार नाही.' आणि सही, पत्रावर होती तीच.

मी ते मोठ्याने वाचलं. प्रत्येक शब्द.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

"अंकुशची बहीण."

ते उठायला गेले. बोट उठेना. दुसऱ्या हाताने मनगट धरून त्यांनी ओढलं, टेबल हललं.

"सोड," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

सुटल्यावर ते जिन्याने धावत खाली गेले.

पुढे गुन्हा दाखल झाला, त्यांना अटकही झाली. माझा राग तसूभर कमी झाला नाही.

लॅपटॉप पोलिसांना देण्याआधी, बुधवारी सकाळी, रंजिता वहिनी जासईहून आली. मी तिला फक्त त्या अर्जाबद्दल सांगितलं होतं, बाकी काही नाही.

"याच्यावरच काम करायचे ना ते?" तिने विचारलं.

मशीन बंद होतं. तिने एक बोट लाल बटणावर हलकेच ठेवलं. मग तिचा चेहरा आक्रसला. बोट मात्र तिने उचललं नाही. घरात नवऱ्याशी बोलावं तशा आगरी बोलीत, हळू आवाजात ती म्हणाली,

"अवो, हलू. मना दुखतंय."