चाळलेली रेती

सांगतो पोरांनो, पण मानणार कोणीच नाही. मनीषनगरच्या याच अंगणात मी वाघाला चहा पाजल्याची गोष्ट सांगितली, ती तुम्ही मानली. ही खरी आहे, म्हणून मानणार नाही. आत माझी बायको कांताबाई भाजी चिरून राहिली आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका.

नागपुरातली एक प्रयोगशाळा. सकाळी दहाला मेघा मॅडमनी कपाट उघडलं, बाटली हलवली आणि थबकल्या. आवाज वेगळा आला. आत भुकटी नव्हती. रेती होती.

ती भुकटी म्हणजे हाडाचं सिमेंट. त्यात तांब्याचा कणभर अंश. हाडाच्या फटीत भरलं की नवं हाड धरावं, आणि तांब्यामुळे त्यात रक्तवाहिन्याही फुटाव्यात, ही मॅडमची आशा. सशांवर चाचणी व्हायची होती. पाच महिन्यांची मेहनत गेली.

कपाटाची चावी मदतनीस रोशनीकडे. मोठे साहेब म्हणाले, "पाच वाजेपर्यंत चोर सापडला नाही, तर ही मुलगी उद्यापासून दिसायला नको."

रोशनी भिंतीला टेकून रडू लागली. दारात चौकीदार चंपतराव उभा. तीस वर्षं खापरखेड्याकडे गवंडीकाम केलेला. ही नोकरी त्याला रोशनीनंच लावून दिली होती.

"चावी कुठं होती?" मॅडमनी विचारलं.

"टेबलाच्या खणात. काल मी जेवाले गेली तेव्हाही तिथंच होती," रोशनी म्हणाली.

"तेव्हा इथं कोण होतं?"

"चंपतकाका होते न राखणीले."

"चंपतराव, कोणी आलं होतं?"

"माकड आलं होतं, मॅडम. लय मोठं."

"खिडकीला जाळी आहे."

"मंग मले भास झाला असन."

मॅडमनी पुन्हा कपाट पाहिलं. भुकटी ज्यात कालवतात त्या द्रवाची बाटली शेजारीच होती. सील शाबूत. मग रेती तळहातावर घेतली. एकही खडा नाही.

बारा वाजता चंपतराव आला. "जरा घरी जाऊन येऊ का, मॅडम? पाणी मारायचं हाय."

"बांधकाम काढलंय?"

"लहानसंच हाय."

साडेचारला मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं.

"रोशनीला माहीत आहे, हे सिमेंट त्या द्रवाशिवाय नीट धरत नाही. चोरानं द्रवाला हात लावला नाही. त्याच्या लेखी सिमेंट म्हणजे सिमेंट, पाण्यात कालवायचं. बाटली हलकी झालेली कळू नये म्हणून त्यानं तिच्यात रेती भरली, आणि चोरी करतानाही ती चाळून भरली. हाताची सवय! सिमेंट लावलं की सात दिवस त्यावर पाणी मारतात, ओलं पोतं टाकतात. इथं एकच माणूस पाणी मारायला घरी जातो."

मॅडमनी नाव घ्यायच्या आत चंपतराव स्वतःच पुढं आला. ताठ मानेनं. "मीच नेलं," म्हणाला. "बायकोचा गुडघा गेला हाय. वाटलं, लिंपला तं हाड धरन." मग रोशनीच्या पाया पडला. साहेबांनीसुद्धा डोळे पुसले. वा रे मर्दा, म्हणाले…

आतली विळी थांबली. कांताबाई लंगडत दारात आली.

"खोटं! साफ खोटं! उठले नाही तुम्ही. मॅडमनं तीनदा विचारलं, तुम्ही खाली पाहत राहिले. पाच वाजले, ते पोट्टी डबा उचलून रडत निघाली, तरी उठले नाही. रोशनीनंच सांगितलं मले. मॅडम इथं घरी आल्या, माह्या गुडघ्यावरचं ओलं पोतं त्यांनी उचललं, तेव्हा तुम्ही मोरीत लपून बसले होते. काहून मान खाली घातली आता? सांगा न या पोट्ट्यांले, चंपतराव कोण हाय थो!"