घाटावर राहिलेला बिल्ला

हर्षलने चहाचं आधण ठेवलं, फ्रिजच्या दारावरच्या काचेकडे एक नजर टाकली आणि आवाजात जमेल तेवढा गोडवा आणून आतल्या खोलीकडे हाक दिली, "अकरा आहे गं आज. पडून राहा तू. चहा तिकडेच आणतो."

आत पलंगावर त्याची बायको शलाका छताकडे बघत पडली होती. अकरा. काल तेरा होता, परवा बारा. तिच्या उजव्या कानशिलावर बोटभर लांबीची एक मऊ पट्टी चिकटलेली होती आणि तिच्या मनात काय नाही, हे ती पट्टी रोज सकाळी स्वयंपाकघरात जाहीर करत असे.

उमेदपट्टी येऊन वर्षच झालं होतं, पण साताऱ्यात आता दुधाच्या पिशवीबरोबर लोक एकमेकांचे आकडे विचारायचे. शास्त्र सोपं होतं. माणूस काहीही करायला उठतो, त्याच्या क्षणभर आधी मेंदूत खोलवर एक बारीक विद्युत लहर उठते. तीच इच्छा. पट्टी ती लहर पकडायची आणि शंभरपैकी किती ते सांगायची. या आकड्याला उमेदांक म्हणत. चाळिसाच्या वर असाल तर कामाला लागा, खाली असाल तर स्वतःवर जबरदस्ती करू नका, आराम करा. वीसच्या खाली कचेऱ्यांमधून भरपगारी उमेदरजा मिळे. सगळं कसं प्रेमाचं होतं. इतकं प्रेमाचं, की त्याच्याशी भांडायची सोयच नव्हती.

शलाका तर आकड्यांशी भांडणाऱ्यांतली मुळीच नव्हती. माती परीक्षण प्रयोगशाळेत तिची सोळा वर्षं गेली होती. कुणाच्या रानात नत्र किती, स्फुरद किती, हे ती कागदावर लिहून द्यायची आणि लोक त्यावर विश्वास ठेवून बी टाकायचे. आकडा खोटं बोलत नाही, असं ती स्वतःच सांगत आली होती.

आणि आकडा खरोखरच खोटं बोलत नव्हता. चौदा महिन्यांपूर्वी नैराश्यानं तिला आडवं केलं, तेव्हा पहिले काही महिने अंथरूण हाच तिचा आसरा होता. डॉ. इनामदारांच्या गोळ्यांनी गुण आला. रडणं थांबलं, झोप लागू लागली, आमटीला पुन्हा आमटीची चव आली. फक्त उमेद तेवढी परतली नाही. एके काळी ही बाई पहाटे साडेपाचला यवतेश्वरच्या घाटात पळायची, रविवारी तर माथ्यापर्यंत. आता चपला पायात सरकवायच्या तरी तिला विचार करावा लागे. वाट बघा, असं सगळे सांगत होते. ती वाट बघत होती.

चहाबरोबर हर्षलने तिचा फोनही आणला. ती ज्यांच्याबरोबर पळायची त्या घाट मंडळाचे नवे सेक्रेटरी संग्राम निंबाळकर यांचा निरोप होता. 'मॅडम, खोलीत आता नवी यंत्रं ठेवायची आहेत, तेव्हा कुलूप लावणं भाग आहे. आपला सत्तावीस नंबरचा बिल्ला अजून "गेले"च्या फळीवर आहे. कृपया येऊन तेवढा हलवावा. दोन मिनिटांचं काम आहे.'

शलाकाने निरोप तीनदा वाचला. तिला वाटलं होतं, आपलं नाव केव्हाच काढून टाकलं असेल.

"मी जाऊन हलवतो," हर्षल म्हणाला.

"तू हलवून नाही चालायचं. ज्याचा त्यानंच हलवायचा असतो." ती उठून बसली. "जाते. बिल्ला परत करते, बूटही देऊन टाकते. कुणाला तरी होतील. विषय संपेल एकदाचा."

विषय संपवायचा, या विचारानं तिला बरं वाटलं. हायसं वाटणं म्हणजे उमेद नव्हे, हे बाहेर पडताना तिला फ्रिजवरच्या काचेनं सांगितलंच. आकडा अकराच होता.

घाटाच्या पायथ्याशी मंडळाची पत्र्याची खोली होती. बाहेर भिंतीवर दोन लाकडी फळ्या, एकीवर 'गेले', दुसरीवर 'आले'. प्रत्येक सभासदाचा पितळी बिल्ला. पळायला निघताना तो पहिल्या फळीवर लावायचा, घाट उतरून आलं की दुसरीवर. ही पद्धत उगाच नव्हती. फार वर्षांपूर्वी एक जण धुक्यात घसरून पाय मोडून पडला होता आणि तो घरी गेला असेल असं समजून कुणीतरी भलेपणानं त्याचा बिल्ला हलवला होता. बिचारा दुपारपर्यंत तसाच कण्हत राहिला. तेव्हापासून दोन नियम झाले. बिल्ला ज्याचा त्यानंच हलवायचा, आणि 'गेले'च्या फळीवर एक जरी बिल्ला असला तरी खोलीला कुलूप लावायचं नाही.

डिसेंबरातल्या त्या रविवारी शलाका रिक्षातून उतरली, तेव्हा साडेसात झाले होते. पायात साध्या चपला, अंगात हर्षलचा स्वेटर, हातात बुटांची पिशवी. मंडळी केव्हाच घाट चढून गेली होती. 'गेले'च्या फळीवर वीस-बावीस चकचकीत बिल्ले होते आणि कोपऱ्यात एक काळा पडलेला. सत्तावीस.

दाराशी तात्या घाडगे स्टोव्हला पंप मारत बसले होते. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, मंडळाचे सगळ्यांत जुने सभासद. आता पळणं सुटलं होतं, पण फळ्यांची राखण त्यांच्याकडेच होती.

"आलीस व्हय?" ते म्हणाले. जणू ती पाच मिनिटांपूर्वी पाणी प्यायला गेली होती.

"आले तात्या. बिल्ला हलवायचाय." तिने हात पुढे केला.

तात्यांनी फळीपुढे आपला हात आडवा धरला. "इकडनं न्हाई." त्यांनी हनुवटीनं शहराचा रस्ता दाखवला, मग घाटाचा. "तिकडनं. घाट उतरून आलेल्यानंच हलवायचा."

"तात्या, चौदा महिने झाले!"

"मग? येवढे दिस खोली उघडीच हाय. एक स्टोव्ह गेला, दोन चटया गेल्या. लोकं बोलली मला. म्या म्हणलं, बाई वर हाय अजून, कुलूप कसं लावू?"

त्या दिवशी तिसऱ्या वळणावर तिचे पाय थांबले होते. ती कठड्यावर बसून हमसून हमसून रडली होती. हर्षल गाडी घेऊन आला, तिला आत बसवलं आणि तिथूनच थेट डॉक्टरांकडे नेलं. ती आपल्या पायांनी घाट उतरलीच नव्हती. हे तिच्याशिवाय फक्त या म्हाताऱ्याच्या लक्षात राहिलं होतं.

आतून संग्राम निंबाळकर बाहेर आला. मनानं चांगला होता तो, नियमाचा मात्र पक्का. त्याने आपल्या मनगटावरच्या पडद्यावर तिचा आकडा पाहिला. "अकरा? मॅडम, चाळीसच्या खाली कुणाला सोडायचं नाही, ठराव झालाय. तुम्ही हलवा बिल्ला आणि आरामात घरी जा. तात्या, जाऊ द्या ना."

"ठराव कवाचा?" तात्यांनी विचारलं.

"दहा महिने झाले."

"ही चौदा महिन्यांमागं निघालीया. तिला तुझा ठराव न्हाई लागत. ती अजून वाटंतच हाय."

शलाका चौदा महिन्यांत पहिल्यांदा हसली असती, पण त्याआधीच तिला राग आला. तात्यांचा नाही, संग्रामचाही नाही. वाट बघण्यात गेलेल्या त्या सगळ्या सकाळींचा राग आला. ती दगडावर बसली, चपला काढल्या आणि देऊन टाकायला आणलेले बूट पायात चढवले.

"इच्छा होतीय का पळायची?" संग्रामने आशेनं विचारलं.

"अजिबात नाही," ती म्हणाली आणि निघाली.

पहिल्या शंभर पावलांतच छातीचा भाता झाला. पोटऱ्या दगड झाल्या. काठी टेकत फिरायला निघालेले एक आजोबा तिला मागे टाकून पुढे गेले आणि वर मान वळवून सहानुभूतीनं बघूनही गेले. पूर्वी पळताना तिला एक लय लागायची, त्या लयीत घाट कसा संपला ते कळायचं नाही. ती लय आता येईल, मग येईल, असं वाटत होतं. ती काही आली नाही. उरलं ते नुसतं एक पाऊल, आणि त्यापुढचं पाऊल, आणि दोन्ही सारखीच नकोशी.

"उमेदांक दहा," कानाशी पट्टी हळुवार बोलली. "आपल्याला हे करावंसं वाटत नाही. थांबणं श्रेयस्कर."

"माहितेय मला," शलाका धापा टाकत म्हणाली. "मलाच सांग माझं."

पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर बरगडीखाली कळ आली, ती तिने मुठीनं दाबून धरली. "उमेदांक आठ," पट्टी म्हणाली. "आपल्या कुटुंबीयांना कळवत आहोत."

"कळव! साऱ्या साताऱ्याला कळव!"

मागून आलेली एक गाडी तिला ओलांडून पुढे गेली. तिसरं वळण दिसलं तेव्हा ती कठड्याशी उभी होती. तीच गाडी, तीच जागा. हर्षल दार उघडून उभा होता, घरातल्याच चपलांवर धावत आलेला, चेहरा पांढराफटक.

"बस, शलाका. सात झालाय. सात! असं करू नकोस गं स्वतःला."

ती थांबली. गाडीतला हीटर चालू होता, त्याची ऊब दारातून बाहेर येत होती. आत बसणं किती सोपं होतं! या माणसाने चौदा महिने तिला चमच्यानं भरवलं होतं, केस विंचरून दिले होते, एका शब्दानं दुखावलं नव्हतं. त्याला नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण ते त्या दिवसासारखं नव्हतं. हे संतापाचं पाणी होतं.

"मागच्या वेळी बसले," ती म्हणाली. "तेव्हा बसायलाच हवं होतं, तुझं काही चुकलं नाही. पण मी तेव्हापासून इथेच राहिलेय रे. आता मी घरी जाणार आहे, आणि या रस्त्यानं, पायांनी जाणार आहे."

"पण तुला इच्छाच नाहीये!"

"नाहीये! कणभर नाहीये! इच्छा असती तर कुणीही पळालं असतं. बाजूला हो."

तो बाजूला झाला नाही. मग तीच त्याला वळसा घालून गेली, कठड्याला हात लावला आणि उताराला लागली. थोड्या वेळाने मागून चपलांचा फटफट आवाज येऊ लागला. गाडी तिथेच सोडून हर्षल तिच्या मागे पळत येत होता, अंगठा ठेचकाळत.

उतारही सोपा नव्हता. गुडघ्यांनी जाब विचारला. माथ्यावरून परतणारी मंडळी एकेक करून तिच्या बाजूनं निघून गेली. कुणी शाबासकी दिली नाही. तिचा चेहरा बघून कुणाची छातीच झाली नसावी. पत्र्याची खोली दिसली, तेव्हा आनंद होईल म्हणून तिने एक क्षण वाट पाहिली. झाला नाही. "उमेदांक सात," पट्टी म्हणाली.

'गेले'च्या फळीवर आता एकच बिल्ला उरला होता, सत्तावीस नंबरचा काळा. तिने तो काढला. त्याच्यामागे लाकडावर एक गोल, फिकट डाग राहिला होता. बिल्ला दुसऱ्या फळीवर लावताना तिचा खिळा दोनदा चुकला. तात्या हलले नाहीत. हे काम दुसऱ्याचं नव्हतंच.

मग तात्यांनी खिशातून कुलूप काढलं. चौदा महिने तेलपाणी करून जपलेलं. त्यांनी दार ओढलं, कुलूप लावलं, खेचून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आयला! चहापत्ती आत ऱ्हायली."

हसू फुटलं ते आधी हर्षलला. त्याच्या मागोमाग सगळेच हसले. शलाका दगडावर बसून नुसती धापा टाकत होती. तिला हसू आलं नाही. पण कडकडून भूक लागली होती, आणि ती तिने हर्षलला सांगितली.

मंगळवारी ती डॉ. इनामदारांपुढे बसली होती. डॉक्टरांनी रविवारचा आलेख तिसऱ्यांदा पडद्यावर आणला. उतरत जाऊन सपाट झालेली रेघ. अकरा, दहा, आठ, सात आणि मग शेवटपर्यंत सात.

"पट्टी बदलून पाहिली," डॉक्टर म्हणाल्या. "बिघाड नाही. मला वाटलं होतं निदान बिल्ला लावताना तरी रेघ उसळेल. तीही नाही. शलाका, या लहरीशिवाय माणूस स्वतःहून हलत नाही, असं आम्ही धरून चाललोय. तुम्ही सव्वा तास घाटात होतात, आणि आतून एकदाही 'चल' असा इशारा आलेला नाही. मग पळत कोण होतं?"

"मीच."

"कशाच्या जोरावर?"

"ते तुम्ही शोधा. तुमच्या यंत्राला अजून दिसत नाही, एवढंच." शलाकाने पाय लांब केले, दुखऱ्या पोटरीवर हात फिरवला. "गोळ्या चालू ठेवणार आहे मी. त्यांनीच मला उभं केलं. काल सकाळी नऊ होता, काल गेले. आज आठ होता, आज चौथ्या वळणापर्यंत गेले. आजही नकोच वाटत होतं."

खिडकीबाहेर दवाखान्याच्या आवारात लोक बाकांवर शांत बसले होते, कानशिलावर पट्ट्या लावून, आपापला आकडा वाढायची वाट बघत.

"मी माती तपासते, डॉक्टर," शलाका हळूच म्हणाली. "नत्र कमी निघतं तेव्हा मी तसं कागदावर स्पष्ट लिहून देते. पण कमी आहे म्हणून पेरूच नका, असं सोळा वर्षांत एकाही माणसाला सांगितलेलं नाही. तुम्ही आजवर किती जणांना अकरावर झोपून राहायला सांगितलंत?"