खिडकीपाशी, हातात वर्तमानपत्र

त्या दिवशी दाबांगमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या कॉफीघरात, सोळा पुरुष कॉफी पीत बसले होते आणि सोळाही जणांच्या हातात वर्तमानपत्र होतं.

मी दारात छत्री मिटत उभी राहिले आणि माझा धीरच खचला. "खिडकीपाशी बसलेला असेल, हातात वर्तमानपत्र असेल, तोच मुलगा," एवढीच खूण सोयरीक जुळवणाऱ्या, सुवन गावच्या मावशींनी सांगितली होती. एरवी ती पुरली असती. मंगळवारी भरदुपारी इंचॉनमध्ये पेपर वाचत कोण बसतं? पण ती १९७२ सालची चार जुलै होती. सकाळीच रेडिओवर सांगितलं होतं, की कोरियाच्या उत्तरेची आणि दक्षिणेची माणसं गुपचूप एकमेकांना भेटून आली. आता लढाई न करता बोलणी होणार. कालपर्यंत ज्यांचं नाव घरातही हळू आवाजात घ्यायचं, त्यांच्याशी बोलणी! जादा अंक निघाले आणि सगळं गाव पावसात भिजत त्यांच्यामागे धावलं.

मी सव्वीस वर्षांची होते. त्या काळी सव्विसाव्या वर्षी बिनलग्नाची मुलगी म्हणजे शेजाऱ्यांना रोजचा विषय. निघताना आई म्हणाली होती, "कुमही, हा सातवा. बँकेतला आहे. यालाही नाक मुरडलंस तर आठवा मी शोधायची नाही, सांगून ठेवते."

खिडक्या होत्या दोन. एकीपाशी केस चापून बसवलेले एक गृहस्थ पेपरामागे पार दडलेले. दुसरीपाशी एक हडकुळा तरुण ओला अंक टेबलावर पसरून, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचत होता. त्याने वर पाहिलं आणि समोरच्या खुर्चीवरचा भिजलेला कोट घाईघाईने उचलला.

"बसा ना."

मला वाटलं, सापडला. त्याला वाटलं, बिचारीला जागा मिळत नाहीये. गर्दीच्या दिवशी अनोळखी माणसं एका टेबलावर बसतातच आमच्याकडे.

"उशीर झाला... माफ करा," मी म्हटलं.

"पाऊसच असा आहे. आठ दिवस झाले, थांबायचं नाव नाही." तो हसला. हसताना त्याचा एक दात किंचित पुढे यायचा. "यात माझाही थोडा दोष आहे म्हणा."

"पावसात? तुमचा?"

"कामच तसं आहे माझं. रोज अंदाज करायचा, रोज चुकायचा, रोज लोकांच्या शिव्या खायच्या."

मला हसू आलं. सहा मुलं पाहिली होती, एकानेही स्वतःची थट्टा केली नव्हती. "आणि एवढं चुकून बँकेत चालतं?"

"बँकेत?" तो गोंधळला. "मी टेकडीवरच्या हवामान केंद्रात आहे. पाऊस मोजतो."

मी दुसऱ्या खिडकीकडे पाहिलं. चापून बसवलेले केस घड्याळात बघत होते.

तेव्हाच उठायला हवं होतं. पण मी विचारलं, "इतकं काय लक्ष देऊन वाचत होता?"

त्याने अंक माझ्याकडे सरकवला. "आईला वाचून दाखवायचाय. तिला वाचता येत नाही. माझी मोठी बहीण तिकडे उत्तरेतच राहिली... लढाईत आम्ही पळून आलो, तेव्हा नऊ वर्षांची होती. आजीजवळ ठेवली होती, आठवडाभरासाठी म्हणून." त्याने ओल्या अंकाचा कोपरा सपाट केला. "म्हणून इथे सराव करतोय. आईसमोर आवाज कापला तर ती ऐकणार नाही, मलाच समजावत बसेल."

"आणि ही आतली घडी कसली?"

"आजचा नेहमीचा पेपर. व्हिएतनाममधले बॉम्ब, कुठे पूर, कुठे उपासमार. ते आतच राहू दे. वाईट बातमीला वाट दाखवावी लागत नाही, चांगलीला मात्र हात धरून घरी न्यावं लागतं."

मी काही बोलणार, तेवढ्यात गल्ल्यावरचा फोन वाजला. मालकीणबाईंनी तो कानाला लावला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "मिस हाम कुमही कोण आहेत? सुवनच्या मावशी विचारतायत, बँकेतले मिस्टर क्वाक भेटले का!"

पंधरा वर्तमानपत्रं एकदम खाली आली.

चौदा माणसं हसली. चापलेले केस उभे राहिले आणि माझ्याकडे बघून खोकले. हडकुळ्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "अरे देवा," तो पुटपुटला, "मी तुमचं लग्न अडवून बसलोय की काय!"

मग मी अर्धा तास मिस्टर क्वाकांसमोर बसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी माझ्यासाठी अंड्याचा बलक घातलेली कॉफी मागवली. वर्षाला किमची-लोणच्याचे किती रांजण घालता, विचारलं. आजच्या बातमीचं काय वाटतं, मी विचारलं तर म्हणाले, "दोन महिन्यांत विसरतील सगळे. बायकांनी कशाला डोकं शिणवावं?" त्यांचं जवळजवळ खरंही झालं पुढे. पण त्यांच्या खांद्यावरून मला ते ओळीखालचं बोट दिसत होतं. एका ओळीपाशी येऊन ते पुन्हा पुन्हा मागे जात होतं.

निघताना क्वाक छत्री उघडून पुढे झाले. दारात तो हडकुळा उभा होता, अंक शर्टाच्या आत घालून.

"हवामान केंद्रातला माणूस, आणि छत्री नाही?" मी हळूच म्हटलं.

"काय करणार... आमच्याच अंदाजावर विश्वास ठेवला."

"आवाज कापला नाही ना आता?"

"तिसऱ्या ओळीला थोडा." त्याने पावसाकडे पाहिलं. "शनिवारी दुपारी पाऊस पडेल. पावसात माणूस कांद्याच्या पातीची धिरडी खातो. बंदराच्या चढावर एक दुकानवाली आजुम्मा करते. मी तिथे असेन. माझं नाव बे इन्सू. पाऊस पडला तर..."

"आणि नाही पडला तर?"

"तर तुम्ही बँकेत जा."

बुधवारी सुवनच्या मावशी धापा टाकत आल्या. क्वाकांकडून होकार! आईने त्यांचे दोन्ही हात धरले. शनिवारी संध्याकाळपर्यंत आमचं उत्तर कळवायचं ठरलं.

"तुझं काय?" आईने विचारलं.

"शनिवारी सांगते," मी म्हटलं.

गुरुवारी पाऊस. शुक्रवारी मुसळधार. झोपताना मी पागोळ्या ऐकत स्वतःशीच हसले.

शनिवारी डोळे उघडले, तर लख्ख ऊन! आकाश घासून पुसून ठेवलेल्या पितळी वाडग्यासारखं. गल्लीभर बायका दहा-बारा दिवसांच्या ओल्या गाद्या वाळत घालत होत्या. आई गात होती. मी मात्र अशी रुसून बसले होते, जणू सूर्याने माझंच काही पळवलं होतं. ठरलं होतं ना, पाऊस पडला तर. नाही पडला. संपलं.

दुपारी एकला मी उठले आणि छत्री घेतली.

"एवढ्या उन्हात छत्री?" आईने गादीवर काठी मारत विचारलं.

"ऊन लागतं, आई."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बँकेत ऊन लागत नाही हो," ती म्हणाली. पण अडवलं नाही.

चढावरच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. आजुम्मा पंख्याने वारा घेत करवादत होती. "उन्हात कोण खातं धिरडी! सकाळपासून हा एकटा येऊन बसलाय. पीठ भिजवू की नको, विचारलं तर म्हणतो, थांबा. कोणासाठी थांबा?"

कोपऱ्यात इन्सू बसला होता. टेबलाला टेकवलेली छत्री, कोरडी ठणठणीत. मला पाहून तो इतक्या घाईने उठला, की बाकडंच कलंडलं.

"चुकलात तुम्ही," मी म्हटलं.

"रोजचंच आहे ते."

"मग बसून कशाला राहिलात?"

"तुम्हीही चुकाल... अशी आशा होती."

मी माझी छत्री त्याच्या छत्रीशेजारी उभी केली. आजुम्माने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि मुकाट्याने तवा चढवला. तेल तापलं. तिने पीठ ओतलं आणि चर्र करून सारं दुकान भरून गेलं.

इन्सूने डोळे मिटले. "ऐका," तो म्हणाला, "पडतोय."

मीही डोळे मिटले. खरंच... कौलांवर पडतो तसा, धो धो.

"आईने तो अंक उशाखाली ठेवलाय," त्याचा आवाज आला. "म्हणाली, ज्या मुलीने हे ऐकून घेतलं, तिला घरी आण. आणू?"

"आधी धिरडं खाऊ द्या," मी म्हटलं. डोळे उघडलेच नाहीत.

संध्याकाळी मी आईला उत्तर सांगितलं. तिने आठवा शोधला नाही.

तिकडे राहिलेल्या ताईंचा पत्ता कधीच लागला नाही. सासूबाई गेल्या तेव्हा अंक उशाखालीच होता, घड्यांवर विरलेला. बातम्या अजून तशाच येतात, एक चांगली, चार वाईट. हे अजून वाईट त्या आत दुमडून पेपर माझ्या हातात देतात.

हल्ली त्यांना ऐकू कमी येतं. मी तव्यावर पीठ ओतलं, की बाहेरच्या खोलीतून ओरडतात, "अगं, वाळवण आत घे, पाऊस आला!"

बाहेर लख्ख ऊन असतं. मी म्हणते, "हो, आलाय."