दोन डिपर कोणी दिले?

अहवाल लिहिणाऱ्या साहेबांनो, तुम्ही काहीही न तपासता माझ्या आईला खोटारडी ठरवलंत. 'चालक महिलेने समोरच्या वाहनास चुकीचा डिपर दिला.' सातव्या पानावरचं हे वाक्य मला पाठ आहे. एका वाक्यात तुम्ही तिचं लायसन्स अडकवलंत. मी चैत्राली मेस्त्री, इयत्ता आठवी. मला तुमची भीती वाटत नाही, म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

माझी आई, कुमुद मेस्त्री, विजेवर चालणारी शाळेची व्हॅन चालवायची. सकाळच्या शाळेसाठी सड्यावरच्या (खडकाळ पठारावरच्या) वाडीतली नऊ मुलं घेऊन ती अंधारातच सोनकडा घाट उतरायची. गेल्या डिसेंबरात, २०३९ साली, दातांच्या भिंतीपाशी समोरून दशरथकाकांचा टेम्पो चढत होता. दरडीचे दगड रस्त्यावर येऊ नयेत म्हणून त्या वळणाच्या पोटात काँक्रीटच्या पुरुषभर उंच भिंतीचे तीन तुकडे उभे केलेत आणि पाणी जायला मध्ये दोन फटी ठेवल्यात. लांबून ते दातांसारखे दिसतात, म्हणून दातांची भिंत.

आमच्या घाटात गाड्या डिपरने बोलतात. डिपर म्हणजे दिव्याचा झोत एकदम वर करून पुन्हा खाली आणणं. एक डिपर म्हणजे 'मी येतोय, थांब'. दोन डिपर म्हणजे 'तू ये, मी थांबते'. दशरथकाकांना दोन डिपर दिसले, म्हणून ते आले. आई थांबली नव्हती, कारण तिने काही म्हटलंच नव्हतं! धडक चुकवायला काकांनी टेम्पो गटारात घातला आणि त्यांचं हासळीचं हाड मोडलं. मुलांना खरचटलंही नाही.

"दोन डिपर दिसले, लेकरांची शपथ," असं काका म्हणतात. "मी हातही लावला नाही," असं आई म्हणते. साहेबांनो, तुम्ही काकांचं खरं धरलंत आणि आईचं खोटं. दोघंही खरं बोलत असतील, असं तुमच्या मनातही आलं नाही.

पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. एकदा भाजी चिरता चिरता आई थांबली, उजव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "लागला असेल गो चुकून. आता मलाच खात्री वाटत नाय."

मी उठले आणि हमीदचाचांच्या गॅरेजवर गेले.

हमीदचाचा गाड्यांची वायरिंग करतात. कॉलेजात गेलेले नाहीत, पण दिवा उघडून त्याच्या पोटात काय आहे ते सांगतात. त्यांच्याकडे शंक्या आहे. टोलनाक्यावरून भंगारात काढलेला हा यंत्रमानव जन्मभर लोकांचे पास तपासत आला, त्यामुळे कुणावरही विश्वास ठेवत नाही.

"आई खोटं बोलत नाही," मी म्हटलं.

"कशावरून?" शंक्या म्हणाला.

"गप रे डब्या," चाचा म्हणाले. "पण पोरी, तो बरोबर विचारतोय. आईवर माया आहे हा पुरावा नव्हे. संशय कुणाचा आहे तुला?"

"नव्या दिव्यांचा. साहेबांच्या खात्याने सगळ्या शाळेच्या गाड्यांना सक्तीने बसवले ते."

व्हॅन चाचांच्याच गॅरेजात दुरुस्तीला होती. दिव्यांबरोबर आलेलं चकचकीत पत्रक मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं, 'समायोजी एलईडी दिवे (समोर काय आहे ते पाहून आपला उजेड स्वतःच बदलणारे दिवे). बॅटरी वाचवा, पल्ला वाढवा!'

"आधी ही थाप पकडू," चाचा म्हणाले. "जुने दोन दिवे मिळून साधारण एकशेवीस वॅट घ्यायचे. वॅट म्हणजे वीज किती वेगाने खर्च होते त्याचं माप. एलईडी घेतात पन्नासेक. वाचले किती?"

"सत्तर."

"आणि धावती गाडी स्वतः घेते पंधरा हजार. आता सांग, पल्ला किती वाढला?"

मी खडूने फरशीवर गणित मांडलं. तीनशे किलोमीटर जाणारी गाडी जेमतेम दीड किलोमीटर जास्त जाईल. "एवढ्यात तर आमच्या वाडीतून देवळापर्यंतसुद्धा जाता येत नाही!"

"आणि ते दीडही साध्या एलईडीने मिळतातच. उजेड बदलण्याचा त्याच्याशी संबंध नाही."

"म्हणजे दिवा बेकार."

"कशावरून?" या वेळी शंक्याआधी चाचांनीच विचारलं. "एक थाप सापडली म्हणून सगळंच खोटं होत नाही. नोव्हेंबरात तुझ्या आईला रस्त्याच्या कडेला गवा दिसला होता ना? लांबूनच?"

दिसला होता. आईने गाडी थांबवली आणि गवा आपल्या पिल्लासकट आरामात रस्ता ओलांडून गेला. जुन्या दिव्यात तो पार जवळ येईपर्यंत दिसला नसता, असं आईच म्हणाली होती.

चाचांनी दिव्याची काच काढली. आत मधाच्या पोळ्यासारखे चौऱ्याऐंशी बारके दिवे होते. "यातला प्रत्येक दिवा वेगळा विझतो. काचेमागचा कॅमेरा समोरच्या गाडीचे दिवे शोधतो आणि तिच्यावर पडणारे तेवढेच विझवतो. समोरच्याभोवती सावलीची खिडकी तयार होते, बाकी रस्ता लख्ख. समोरच्याचे डोळे दिपत नाहीत आणि आपल्याला गवा दिसतो. बॅटरीसाठी नाही, याच्यासाठी हा दिवा घ्यावा."

"मग दोन डिपर कुठून आले?"

शंक्यानेच विचारलं, "कॅमेऱ्याला समोरची गाडी दिसली नाही तर?"

"तर तो पूर्ण उजेड..." चाचा उठून उभे राहिले. "चैत्राली, शटर ओढ. ते ऑईलचे मोठे डबे आण. तीन!"

भर दुपारी गॅरेजात काळोख केला. डबे ओळीत उभे केले, मध्ये दोन फटी ठेवल्या. झाली आमची दातांची भिंत. एका बाजूला व्हॅनचा दिवा आणि कॅमेरा. दुसऱ्या बाजूला छातीवरचे दोन दिवे लावून शंक्या. दशरथकाका तोच.

"चल, चढ घाट," चाचा म्हणाले.

शंक्या डब्यांमागून घरंगळत निघाला. पहिल्या डब्याआड होता तोवर कॅमेऱ्याला काही दिसलं नाही. दिवा पूर्ण पेटलेला. शंक्या फटीत आला आणि सगळा उजेड त्याच्या तोंडावर पडला. डोळा मिटायच्या आत कॅमेऱ्याने त्याला ओळखलं, सावली झाली. दुसऱ्या डब्याआड गेला, दिवा पुन्हा पूर्ण पेटला. दुसरी फट आली. पुन्हा भक्क उजेड, पुन्हा सावली.

"एक डिपर," शंक्या म्हणाला. "दोन डिपर. म्हणजे मी यायचं."

आईने हात लावला नव्हता. दशरथकाकांना खरोखर दोन डिपर दिसले होते. बोलली होती ती गाडी, आणि आपण काय बोललो ते गाडीला माहीतच नव्हतं.

"एकदा घडलं म्हणजे सिद्ध होत नाही," शंक्या म्हणाला. त्याने आम्हाला दहा वेळा करायला लावलं. दहापैकी नऊ वेळा दोन डिपर. मग फटींवर फळ्या लावल्या. दहाही वेळा एकसुद्धा नाही.

चाचांनी लॅपटॉप जोडून दिव्याच्या आज्ञावलीत (यंत्राने काय करायचं ते सांगणाऱ्या सूचनांत) एक ओळ घातली. समोरचा उजेड दिसेनासा झाला तरी तीन सेकंद झोत खालीच ठेव. फळ्या काढल्या. शंक्या पुन्हा घाट चढला.

"पहिल्या फटीत एक. दुसऱ्या फटीत काही नाही."

"अजून एक उरलाच," मी म्हटलं.

"उरला. पण एक म्हणजे 'थांब'," चाचा म्हणाले. "चुकून थांबलेला माणूस घरी पोहोचतो. आणि दिव्याला वळणं आधीच ओळखायला शिकवलं तर तो एकही जाईल. ते करायला तू शिक, माझे डोळे गेले आता."

शिकणार आहे. एक दिवस आमच्या घाटाची भाषा येणारा दिवा मी बनवीन.

संध्याकाळी आईला गॅरेजात आणून शंक्याच्या जागी उभं केलं आणि कॅमेऱ्याला गाडीचे दिवे वाटावेत म्हणून तिच्या हातात दोन पेटत्या विजेऱ्या दिल्या. चाचांची ओळ थोड्या वेळासाठी काढली. ती डब्यांमागून चालली, दोनदा उजेड तोंडावर घेतला आणि तिथेच बसली. बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "नव्हता गो लागला."

साहेबांनो, वीस तारखेला सुनावणी आहे. आम्ही तीन डबे, तो दिवा आणि शंक्या घेऊन येतोय. दशरथकाकाही येणार आहेत, गळ्यात हात अडकवून, आईच्या बाजूने. तुम्ही फक्त एवढंच सांगा. हा दिवा सक्तीचा करण्याआधी तुम्ही तो एकदा तरी दातांच्या भिंतीपाशी लावून पाहिला होता का?

हो की नाही?

आणि हो म्हणणार असाल तर, कशावरून?