बिनदुखण्याचा कुपा

समुद्रातल्या तरंगत्या मत्स्यकेंद्रावर चूल पेटवायला सक्त मनाई होती, त्यामुळे मेधावती तांडेलचं दुपारचं जेवण म्हणजे नुसती चिराचिरी. कांदा, काकडी, कोथिंबीर, वरून लिंबू, त्यात कुप्याचे, म्हणजे ट्यूना माशाचे, कच्चे तुकडे घोळवले की झालं सॅलड. कोळ्याची लेक असलं कच्चं खाते म्हणून आई कपाळाला हात लावायची. पण भुकेल्याला काय, सगळंच गोड.

कुपा तरी कुठे समुद्रातला होता? तो मेला केव्हाच दुर्मीळ झालेला. हा केंद्रावरच्या बारा कुंडांपैकी एकात वाढवलेला. माशाच्या चार पेशींपासून पोसलेला माणसाएवढा स्नायू, ना डोकं, ना डोळे, ना मज्जातंतू. नळ्यांतून पोषकरस प्यायचा, विजेच्या बारीक झटक्यांनी व्यायाम करायचा आणि वाढायचा. त्याला दुखत नाही, असं विक्रीच्या डब्यावर ठळक छापलेलं असे.

"भार्गव, एक तुकडा काढून आण रे," तिनं धाकट्या भावाला हाक मारली.

भार्गव तिथलाच तंत्रज्ञ, चांगला शिकलेला. पण हाताची सवय शिकून जाते थोडीच? घरात मासा आला की आधी मीठ-हळद, मग बाकीचं. त्यानं कुंडातलं पाणी उतरवलं आणि कापायच्या आधीच त्या जिवंत स्नायूच्या घडीत हात घालून मूठभर मीठ चोळलं. मिठानं ताजा स्नायू आकसतो हे त्याला परीक्षेत आलं होतं, पण तेव्हा समोर मासा नव्हता.

घडी मिटली. कोपरापर्यंतचा हात आत गेला आणि हाड मोडल्याचा आवाज मेधावतीला ओट्यापाशी ऐकू आला.

ती सुरीसकट धावली. भार्गव कुंडाच्या काठावर गुडघे टेकून किंचाळत होता. तिनं मांसात सुरी खुपसली, ओढली, पुन्हा खुपसली. कोमट लाल रस तिच्या तोंडावर उडाला. प्रत्येक घावासरशी पकड घट्ट होत गेली. दुसरं हाड मोडलं. हा मरणार, माझ्या डोळ्यांदेखत मरणार.

तिनं गोड्या पाण्याचा नळ सोडला. मीठ धुऊन गेलं, पकड सुटली नाही.

तिनं पुन्हा सुरी उगारली आणि थबकली. पातं अजून टेकलंही नव्हतं, तरी त्या बाजूचं मांस मागे सरलं होतं. तिनं सुरी डावीकडे नेली, तर डावीकडचं सरलं.

"ताई, काप ना," भार्गव कण्हत म्हणाला.

तिनं सुरी खिडकीतून समुद्रात भिरकावली. मग रिकामा तळवा त्या थरथरत्या मांसावर ठेवला आणि नुसती उभी राहिली. हळूहळू घडी उलगडली. भार्गवचा चेंदामेंदा झालेला हात बाहेर आला, तसा तो तिच्या अंगावर कोसळला.

तिनं ओढणी फाडून त्याच्या दंडाला आवळून बांधली आणि किनाऱ्यावरून डॉक्टरांची बोट मागवली.

भार्गवचे ओठ पांढरेफटक पडले होते. "दुसरी सुरी आण," तो म्हणाला. "तुकडे कर त्याचे."

शेजारच्या अकरा कुंडांतलं पाणी हिंदकळत होतं. कोणी धक्काही लावला नव्हता.

"त्यानं तुला सोडलं रे," मेधावती म्हणाली. "आता आपण त्याला सोडायचं की नाही?"