सहा आठवड्यांचा पाव

"वाच! मोठ्याने वाच म्हणते ना मी!" जनेलने तो कागद टेबलावर असा आपटला, की रविवारच्या जेवणाची ताटं खणखणली आणि तिचा नवरा, रस, हातात घास धरून तसाच थांबला.

लिओनीला वाचायची गरज नव्हती. रिपोर्ट तिच्याच रक्ताचा होता आणि तिनेच तो धाकट्या बहिणीच्या हातात आणून दिला होता, कारण लपवाछपवी तिच्या रक्तात नव्हती. पोटातल्या कळांनी, तोंडातल्या फोडांनी आणि सदाच्या अशक्तपणाने पिचून जिने अकरा वर्षांपूर्वी आपल्या मनाने पाव सोडला, आणि महिन्याभरात जी पुन्हा माणसात आली, त्या बाईच्या रिपोर्टवर स्वच्छ लिहिलं होतं... सीलिॲक, निगेटिव्ह. म्हणजे गव्हाची बाधा नाही!

"अकरा वर्षं!" जनेल कडाडली. "अकरा वर्षं तुझ्यासाठी या घरात वेगळी सुरी, वेगळं लोणी! चर्चच्या चहाला जावं तर तू आपला डबा घेऊन मिरवणार! सगळं गाव गव्हावर जगतं, आणि गव्हाला नावं ठेवणारी एकटी तू. आणि शेवटी काय? थोतांड! तेच थोतांड तू माझ्या पोरीच्या डोक्यात भरवलंस, लिओ!"

ती पोर, टीगन, टेबलाच्या टोकाला मान खाली घालून बसली होती. पंधरा वर्षांची, पण अंगावर मांस म्हणून नाही. गेल्या हिवाळ्यात नेटबॉल खेळताना साधी पडली आणि मनगट मोडलं. पोट दुखतं, पोट दुखतं म्हणत ताटावरून उठायची. उन्हाळ्यात तिचंही रक्त तपासलं, तेही स्वच्छ निघालं, आणि मग शहरातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं की पोरीला अन्नाचीच भीती बसली आहे, काहीही वर्ज्य करू देऊ नका. तेव्हापासून, म्हणजे गेले तीन आठवडे, जनेल रोज सकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायची आणि टोस्टचा शेवटचा तुकडा घशाखाली उतरेपर्यंत तिला हलू द्यायची नाही. टीगन रडत रडत चावायची... आणि ते पाहून लिओनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"नेल, ऐक जरा," लिओनीने आवाज आवरला. "त्या बदली डॉक्टरने मला विचारलंसुद्धा नाही की बाई, तुम्ही खाता काय! मी काल आपल्या नेहमीच्या डॉक्टर परेरांना फोन केला. ही तपासणी आजार शोधत नाही. गहू पोटात गेला की शरीर जे खवळतं ना, ते शोधते. अकरा वर्षं गहूच गेला नाही, तर खवळणार कोणावर? गावच्या धान्यकोठारावर, त्या सायलोवर, वीस वर्षं मी ट्रकमधल्या गव्हाचे नमुने काढलेत. रिकाम्या ट्रकमध्ये नळी खुपसली तर काय मिळणार मला? मग यंदा गावात पीकच नाही म्हणायचं?"

"तसं बघितलं तर बरोबर आहे हिचं..." रस पुटपुटला.

"तू जेव!" जनेलने त्याला गप्प केलं.

लिओनी भाचीकडे वळली. "टीगन, खरं सांग. उन्हाळ्यात रक्त दिलंस तेव्हा तू पाव खात होतीस?"

"नाही." आवाज जेमतेम ऐकू आला. "डब्यातलं सँडविच मी कोंबड्यांना टाकायचे. दोन-तीन महिने..."

"ऐकलंस?" लिओनी ओरडली.

"ऐकलंस?" त्याच क्षणी जनेलही ओरडली. "अन्न लपवते! बाई म्हणाल्या होत्या अगदी तस्संच!"

एकाच वाक्यात दोघी बहिणींना आपापला विजय सापडला, आणि ज्या पोरीने धीर करून ते वाक्य उच्चारलं तिच्याकडे क्षणभर कोणाचंच लक्ष नव्हतं. मग लिओनीच म्हणाली, "आता खातेय ना ती? मग काही आठवड्यांनी घ्या तिचं रक्त परत."

"परत सुई नाही! आजाराचं खूळ आणखी पक्कं करायचं नाही, असं बजावलंय मला. आणि तुला एवढी खात्री आहे ना? मग तू खा! रोज चार स्लाइस खा आणि आण रिपोर्ट! अकरा वर्षं का नाही खाल्लास? पितळ उघडं पडेल म्हणून!"

पितळ! लिओनीच्या कानशिलांत रक्त उसळलं. आई गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती, आणि अठरा वर्षांच्या लिओनीने नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर टाकून हिच्या वेण्या घातल्या, हिचे डबे भरले, हिला ताप आला की उशाशी बसून राहिली. चांगल्या घरातून आलेलं मागणं परत पाठवलं, का, तर तो माणूस म्हणाला होता की बहिणीला वसतिगृहात ठेवू! आज तीच बहीण भरल्या ताटावर आपल्याला खोटारडी म्हणते... लिओनी खुर्ची मागे ढकलून उभी राहिली.

"सहा आठवडे," ती म्हणाली. "रोज सकाळी याच टेबलावर, तुझ्या डोळ्यांसमोर. चार स्लाइस. माझा रिपोर्ट स्वच्छ आला तर या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. आणि नाही आला, तर टीगनचं रक्त घ्यायचं. कबूल?"

"कबूल!"

डॉक्टर परेरांनी तिची समजूत घालून पाहिली. "तुम्ही गहू न खाता बऱ्या आहात. हे अंगावर ओढवून घ्यायची काही सक्ती नाही. जनुकांची एक तपासणी असते, तिला पाव खावा लागत नाही. पण ती फक्त 'होऊ शकतं' एवढंच सांगते."

"'होऊ शकतं' ऐकून माझी बहीण हलायची नाही, डॉक्टर," लिओनी म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवसापासून, पेरणीची थंड, कोरडी सकाळ कशीबशी उजाडत असताना, तिची जुनी पिकअप अकरा किलोमीटर तुडवत जनेलच्या दारात येऊन उभी राहू लागली. एका बाजूला भाची, दुसऱ्या बाजूला मावशी, मध्ये टोस्टची थाळी. पहिल्या चार दिवसांतच तिचं पोट टम्म फुगलं. दुसऱ्या आठवड्यात तोंड फोडांनी भरलं, तेव्हा ती टोस्ट चहात बुडवून गिळू लागली. परतताना रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तारेच्या कुंपणाला धरून ओकायची, आणि ओकताना ज्या शिव्या तोंडून निघायच्या त्या चर्चमध्ये कोणी ऐकल्या असत्या तर तिला चहालासुद्धा उभं केलं नसतं. बदली डॉक्टरचा राग, बहिणीचा राग, आपल्या दुबळ्या देहाचा राग... त्या रागावरच ती दुसऱ्या दिवशी उठायची.

"आंटी लिओ, नको ना खाऊस," टीगन एकदा कळवळून म्हणाली. "माझ्यासाठी नको."

"तुझ्यासाठी कोण खातंय? मी रागाने खातेय. रागाने खाल्लं की लवकर संपतं. बघ करून."

टीगन हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती त्या टेबलावर हसली, आणि जनेलने दोघींकडे असं पाहिलं जणू तिच्याविरुद्ध कट चालला होता.

पाचव्या आठवड्यातल्या मंगळवारी तिसरा स्लाइस संपवून लिओनी उठली आणि चुलीपाशी कोसळली. जनेल धावली. तिने बहिणीला उचलायला काखेत हात घातले आणि दचकली, कारण त्या कोटाच्या आत नुसती हाडं होती.

"पुरे! बंद कर हे!" ती किंचाळली. "मरायचंय का तुला, लिओ?"

लिओनीने जमिनीवरूनच तिचा हात झिडकारला. इतकी वर्षं आवरलेलं सगळं त्या क्षणी तिच्या तोंडून बाहेर पडलं. "मी पडले तर दिसलं तुला! मी परकी, सकाळी तासभर येऊन जाणारी, माझी हाडं तुझ्या हाताला लागली! आणि जी तुझ्या पोटची आहे, जी रोज तुझ्यासमोर रडत रडत हेच गिळतेय, तिची हाडं नाही लागली कधी? की कुशीत घेऊनच बघितलं नाहीस? तिचा एक शब्द, एक शब्द तरी खरा मानलास तू?"

टीगनच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ती आईकडे टक लावून बघत होती.

"एक स्लाइस राहिलाय," लिओनी भिंत धरून उठत म्हणाली. "दे इकडे."

जनेलने तो दिला नाही. तिने फोन उचलला आणि डॉक्टर परेरांना विचारलं, की मुलीचं रक्त कधी आणू? सहा आठवडे पूर्ण होऊ द्या, ते म्हणाले, आणि घरातल्या सगळ्या रक्ताच्या माणसांचं देऊन टाका. लिओनीने उरलेले दिवस हट्टाने पूर्ण केले, आणि मग तिघींनी एकाच सकाळी हात पुढे केले. "माझंही घ्या, होऊन जाऊ दे एकदाचं," जनेल म्हणाली होती.

आठ दिवसांनी डॉक्टरांनी दवाखान्यात तीन कागद टेबलावर मांडले. लिओनीचा पॉझिटिव्ह. टीगनचा पॉझिटिव्ह. तिसऱ्या कागदावर त्यांचं बोट थांबलं.

"जनेल, सगळ्यांत मोठा आकडा तुमचा आहे."

"माझा?" ती हसलीच. "मी तर जन्मभर पाव खातेय! मला कधी पोटात दुखलंसुद्धा नाही!"

"काहींना दुखत नाही. आतल्या आत नुकसान होत राहतं. रक्त कमी आहे का तुमचं?"

"लहानपणापासून."

"गर्भ राहिला आणि गेला, असं कधी?"

जनेलचे ओठ हलले. "चार वेळा... एकदा टीगनच्या आधी. तीनदा नंतर."

"याच्यामुळेच गेले असं मी म्हणणार नाही, कोणालाच ते म्हणता येणार नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "पण संबंध असू शकतो. दुर्बिणीने तपासणी होईपर्यंत अजून दहा दिवस तिघींनी पाव सोडायचा नाही, नाहीतर तीही फसवी येईल. त्यानंतर मात्र कायमचा सोडायचा."

टीगन ताडकन उठली आणि दार आपटून बाहेर गेली.

पिकअपला पुढे एकच सलग सीट होती. लिओनी स्टिअरिंगमागे जाऊन बसली, जनेल शेजारी बसली; टीगन मात्र बाहेरच उभी राहिली, बोचऱ्या वाऱ्यात, हात घट्ट बांधून.

"बस ना, बाळा," जनेल म्हणाली.

"मी चालत येईन."

"टीगन..."

"तू मला खोटारडी म्हणालीस! सगळ्यांना सांगितलंस मी नाटक करते म्हणून! मी रडत होते आणि तू गिळ, गिळ म्हणत होतीस!"

"हो," जनेल म्हणाली. एकही सबब तिने पुढे केली नाही. "म्हणत होते. केलं मी ते."

सहा आठवडे लिओनीने याच घटकेसाठी शब्द साठवले होते. सांगत होते ना मी! आता कळलं? ओठांवर आलेही ते... आणि तिथेच थिजले, कारण इस्पितळातल्या चार खोल्या तिच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. प्रत्येक वेळी रिकाम्या कुशीने भिंतीकडे तोंड करून पडलेली तिची नेल, आणि प्रत्येक वेळी घरून ताजा पाव भाजून घेऊन गेलेली ती स्वतः! शेवटच्या दोन वेळी तर स्वतःला वर्ज्य असतानाही तिने कणीक तिंबली होती, आणि त्या न खाणाऱ्या तोंडात एकेक तुकडा भरवला होता.

"नेल," ती म्हणाली. "तेव्हा... चारही वेळा पाव मीच आणला होता. मीच भरवला गं तुला."

जनेलने तिच्याकडे पाहिलं. राग तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता.

"आठवतंय," ती म्हणाली. "मला काहीच गोड लागायचं नाही तेव्हा. तुझा पाव मात्र लागायचा."

आणि मग ती रडू लागली, तोंडावर हात न घेता, मोठ्याने, लहानपणी आई गेली तेव्हा रडली होती तशी. लिओनीने तिला छातीशी ओढलं. ज्या रागाने तिला सहा आठवडे उभं ठेवलं होतं तो आता कोणावर काढायचा हेच तिला कळेना, आणि ती नुसती बहिणीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दार उघडलं. गार वारा आत आला.

"चार होते," टीगन म्हणाली. "मला कोणी सांगितलंच नाही." तिचा राग अजून पुरता गेला नव्हता. तिने आईच्या खांद्याला हाताने ढकललं.

"सरक ना, आई."