सात कथा, सात दारुडे

"पान अकरा, दारुडा. पान सोळा, दारुडा..." शेजारचा धीरज पुस्तकावर बोट ठेवून मोजत होता. "सात बाया, सात दारुडे! एकट्या वडनेरात!"

"हळू बोल ना बे!" गुंजन दबक्या आवाजात ओरडली.

आत तिचे बाबा, रूपराव टेलर, मशीनसमोर बसले होते. मशीन चालत नव्हतं. चार दिवसांपासून बाबाही बंद होते.

कारण पान अकरा. वाचनालयाच्या प्रभाकररावांनी गावातल्या बायांकडून 'खऱ्या प्रेरणादायी कथा' लिहून घेतल्या. गुंजनची आई जयवंता चाळिसाव्या वर्षी ऑटो शिकली, ते तिनं वहीत लिहून दिलं. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यात एक नवरा घुसला होता. दारू पिऊन मारणारा! बाबांना तर सोड्यानंही ठसका लागायचा. पण पहिल्या दहा प्रती आधीच गावात फिरल्या आणि गिऱ्हाइकं विचारू लागली, "टेलर, माप शुद्धीत घेतलं न?" रविवारी प्रकाशन झालं की उरलेलं गावही विचारणार होतं.

आई प्रभाकररावांकडे जाऊन आली होती. ते म्हणाले, "दुःख नसलं तर वाचकाले प्रेरणा कुठून येईन?" वही परत घेऊन आली तेव्हापासून आई भांडी फार जोरात घासत होती.

"वाक्यही तेच," धीरजची बहीण मयुरी पानं उलटत म्हणाली. "'त्यानं लाथ मारली अन् दिवा विझला.' सातही घरी दिवा विझला! अगं, हे पान बत्तीस पाह्य!"

पान बत्तीस चक्कीवाल्या देवकाबाईंचं होतं. त्यांचा नवरा गावात कोणी पाहिला नव्हता. साठ वर्षांत त्यांनी तो केलाच नव्हता!

"देवकाबाईनं वाचलं?" गुंजननं विचारलं.

"चक्कीतून फुरसत कुठं तिले!"

"मंग सांगू नको," गुंजन म्हणाली. "रविवारी कळू दे. सगळ्यायसमोर."

रविवारी प्रकाशनाच्या सभेत गुंजन अतिशय नम्रपणे उभी राहिली. "काका, देवकाबाईची कथा तुम्हीच वाचा ना! तुमच्यासारखं कोणालेच जमत नाई."

प्रभाकरराव फुलले. माइक धरून, गळा भरून आणून वाचू लागले, "'नवऱ्यानं लाथ मारली अन्...'"

"थांबा!" पहिल्या रांगेतून देवकाबाई उठल्या. "माह्यं लगन कधी झालं? अन् मले काऊन नाई बोलावलं?"

सभा खदखदली. शेवटच्या खुर्चीत बाबा मान खाली घालून होते. गुंजनला हसू आलं नाही.

"काका, सातही घरी एकच नवरा पाठवला तुम्ही," ती म्हणाली. "तो आमच्या घरचा नोहे."

प्रभाकररावांनी घाम पुसला. "कथा जरा... फुलवली."

सरपंच किसनरावांनी पुस्तकांचा गठ्ठा उचलून टेबलाखाली सरकवला. "शाब्बास, पोट्टेहो! आम्ही मोठे लोक वाचतो कुठं? आम्ही फक्त प्रकाशन करतो. जयवंताबाई, तुमचं तुम्हीच वाचा."

आईनं वही उघडली.

"'पहिला महिना माझ्या ऑटोत कोणी बसत नव्हतं. मग हे आपलं दुकान बंद करून मागे बसायचे. हिंगणघाटला जायचे, तसेच परत यायचे. तिथं यांचं काहीच काम नसायचं.'"

कोणी हसलं नाही. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अन् दोन खेपा मले नालीत घातलं तू," बाबा म्हणाले. "तेही लिव."